नावडत्या इमारतींना जुन्या वाड्यांचा आधार

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडी नदीकाठचे गाव भूशास्त्र व पुरातत्त्व या विषयांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. येथील नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या स्थळाचा अभ्यास केला. या राखेचा संबंध इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीशी जोडण्यात आला असून तिच्या वयाबाबत तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ चर्चा चालू राहिली आहे.

भूमीच्या पोटात जसे थर असतात, तसेच या भागातील गावांच्या बांधकामातही थर आढळतात. पहिला थर जुन्या वाड्यांचा आणि घरांचा. काळ्या दगडाचे जोते, पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती, सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट ही त्यांची ओळख. दुसरा थर मंगलोरी कौलांच्या शाळा, चावड्या आणि धर्मशाळांचा. तिसरा थर सिमेंट-काँक्रीटच्या सपाट छताच्या इमारतींचा. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने व पंचायत कार्यालये यांच्या बांधकामास वेग आला. कालांतराने या कामांसाठी स्लॅबची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

या तिसऱ्या थरातील इमारतींनी ग्रामीण जीवनाची मोठी सेवा केली आहे. तरीही त्या लोकांच्या जिव्हाळ्याच्या झाल्या नाहीत. उन्हाळ्यात छत तापते, पावसाळ्यात गळते, खोल्यांत वारा खेळत नाही आणि भिंतींना ओल येते. 'नावडतीचे मीठ अळणी' या न्यायाने अशा इमारतीची साधी डागडुजीही होत नाही. पुढे ती निरुपयोगी ठरवून पाडण्याचा प्रस्ताव येतो. याच काळात शेजारच्या आळीतील जुना वाडा मोडला जातो आणि त्याचे उत्तम सागवान व घडीव दगड गावाबाहेर जातात. एका बाजूस सामग्रीची गरज आणि दुसऱ्या बाजूस सामग्रीचा नाश, अशी ही विसंगती आहे. ती दूर कशी करता येईल, याचा विचार ग्रामपंचायतींनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

पाडण्यापूर्वी परीक्षा

कोणत्याही नूतनीकरणाचा आरंभ सुरक्षिततेच्या तपासणीपासूनच झाला पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेच्या खोलीचे छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अशी दुर्घटना पुन्हा होऊ नये, यापेक्षा महत्त्वाचा विचार दुसरा असू शकत नाही.

काँक्रीटच्या छतास धोका पोहोचतो तो प्रामुख्याने आतील लोखंड गंजल्यामुळे. पाणी व हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचली की तिच्यावर गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट होते. त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या दिशेने तडे जातात आणि खालचे आवरण पोपड्यासारखे सुटून पडते. तांबूस डाग, सरळ रेषेतील तडे, हातोडीने हलकेच ठोकले असता येणारा पोकळ आवाज आणि मध्यभागी आलेला झोल या चार खुणा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवाव्यात. यांपैकी एकही खूण आढळल्यास त्या खोलीचा वापर थांबवून पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांकडून तपासणी करवून घेणे हाच योग्य मार्ग होय.

तपासणीत सळया मोठ्या प्रमाणात खंगलेल्या आढळल्या तर ती इमारत पाडणेच इष्ट ठरते. अशा छतावर गिलावा व रंग लावून दोष झाकणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळणे होय. परंतु अनेक इमारतींचा सांगाडा भक्कम असतो आणि दोष केवळ गळतीचा, उष्णतेचा व अंधाराचा असतो. ज्या इमारती नावडत्या आहेत पण धोकादायक नाहीत, त्यांचाच विचार पुढे केला आहे.

वाड्यातून काय मिळते

जुना वाडा मोडताना मिळणारी सामग्री ही नुसती अडगळ नव्हे. जुन्या सागवानास वर्षानुवर्षे वाळण्याचा लाभ झालेला असल्याने ते सहसा वाकत किंवा पिळवटत नाही. मात्र भिंतीत गाडलेली तुळयांची टोके ओलीमुळे प्रथम कुजतात. टोचणी किंवा पेचकस खुपसून पाहिल्यास कुजका भाग सहज कळतो. तेवढा कापून टाकला असता उरलेले लाकूड लहान गाळ्यासाठी उपयोगी पडते. वाळवी व भुंगा यांची भोके तपासावीत, सर्व खिळे काढावेत आणि आच्छादित जागेत वापरावयाच्या लाकडास टाकणखार व बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा लेप द्यावा.

विटांच्या बाबतीत जुना चुना व माती उपकारक ठरतात. चुन्यात किंवा मातीत रचलेली वीट हलक्या हाताने सुटी होते. सिमेंटमध्ये बसविलेली वीट मात्र सांध्याऐवजी स्वतःच फुटते. सुट्या केलेल्या दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. वीट २४ तास पाण्यात ठेवल्यानंतर तिच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषले जाऊ नये. या कसोटीस न उतरणाऱ्या विटा भिंतीसाठी वापरू नयेत.

घडीव काळा दगड तर शतकानुशतके टिकणारा. जोते, पायऱ्या, ओट्याची किनार व खांबाखालचे तळखडे यांसाठी त्याहून चांगली वस्तू मिळणार नाही. परंतु जुन्या पद्धतीच्या दगडी भिंती जशाच्या तशा पुन्हा उभारू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील पदर एकमेकांपासून सुटले आणि माणसे त्यांखाली गाडली गेली. दोष दगडाचा नव्हता, तर बांधणीचा होता. दगडी भिंत बांधावयाचीच असेल तर दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड ठराविक अंतराने बसविणे, सिमेंटचा मसाला वापरणे आणि जोते व छत यांच्या पातळीवर काँक्रीटचा सलग पट्टा घालणे आवश्यक असते.

मंगलोरी कौले, शहाबादी फरशी, दारांच्या चौकटी, खिडक्यांचे गज आणि लोखंडी गर्डर हीदेखील उपयुक्त सामग्री होय. काँक्रीट फोडून काढलेल्या सळया मात्र सरळ करून पुन्हा छतात किंवा खांबात वापरणे धोक्याचे असते. त्या कुंपणासाठी किंवा वेलींच्या मांडवासाठी वापराव्यात.

नावडती इमारत सुसह्य कशी होते

पहिले काम पाणी थांबविण्याचे. फुटक्या विटांचा कोबा ही महाराष्ट्रातील गवंड्यांच्या हातची परिचित पद्धत आहे. छतावर विटांचे तुकडे मसाल्यात रचून त्यांना पाणी वाहून जाण्याजोगा उतार दिला जातो. वाडा मोडल्यानंतर उरणाऱ्या तुकड्यांचा हा उत्तम उपयोग होय. येथे एक दक्षता घ्यावी लागते. १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. जुना कोबा न काढता त्यावर नवा थर चढविण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे छतावरील भार नकळत दुप्पट होतो. म्हणून आधी जुना थर काढावा, छताची ताकद अभियंत्याकडून तपासून घ्यावी आणि मगच नवा कोबा घालावा. वरच्या बाजूस फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे बसविल्यास ऊन परावर्तित होऊन खोली कमी तापते. तेही न जमल्यास दर उन्हाळ्यापूर्वी छतास चुन्याची सफेदी देणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

दुसरे काम भिंतींना सावली देण्याचे. जुन्नरचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा व भरपूर पावसाचा, तर बोरी बुद्रुककडील पूर्व भाग कमी पावसाचा व कडक उन्हाचा. अशा ठिकाणी दक्षिण व पश्चिम बाजूंच्या भिंती दुपारभर तापतात आणि सायंकाळपर्यंत उष्णता आत सोडत राहतात. या बाजूंना वाड्याच्या खांबांवर व तुळयांवर कौलारू पडवी उभारल्यास भिंतीवर ऊनच पडत नाही. पडवीचा भार जुन्या स्लॅबवर न टाकता तिच्या स्वतःच्या खांबांवर व पायावर घ्यावा. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करावेत आणि वाऱ्याने उचलले जाऊ नयेत म्हणून लोखंडी पट्टीने पक्के बांधावेत.

या पडवीचा हिशेब साधा आहे. १२ मीटर लांब व २ मीटर रुंद पडवीचे क्षेत्र २४ चौरस मीटर होते. छपराचा उतार धरता कौलांखालील क्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर भरते. दर चौरस मीटरला सुमारे १५ मंगलोरी कौले लागतात. म्हणजे ४२० कौले आणि फुटतुटीसाठी एक दशांश अधिक धरून सुमारे ४६० कौले पुरतात. एका जुन्या कौलारू खोलीचे छप्पर उतरविले तर एवढी कौले सहज निघतात.

तिसरे काम उजेड व हवा यांचे. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असल्या म्हणजे वारा वाहतो. स्लॅबचा भार खांब व तुळयांवर असलेल्या इमारतीत मधली विटांची भिंत अभियंत्याच्या सल्ल्याने कापून तेथे वाड्याची खिडकी बसविता येते. ज्या इमारतीत भिंतीच भार पेलतात, तेथे वर आधारपट्टी घातल्याखेरीज नवे भगदाड पाडू नये.

शेवटचे काम शोभेचे, पण तेही गौण नव्हे. शाळेच्या दर्शनी बाजूस घडीव दगडाचा ओटा आला, सागवानी खांबांची रांग आली, म्हणजे ती इमारत कंत्राटदाराने बांधून दिलेली न राहता गावाची वाटू लागते. आपलेपणा वाटणाऱ्या वास्तूची देखभाल आपोआप होते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

इतरत्र झालेले प्रयत्न

जुनी सामग्री पुन्हा उभी करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून तो पुन्हा उभारण्यात आला आहे. तेथील कोरीव दारे व खिडक्या पाहताना मोडलेल्या वास्तूंतून किती कला वाचविता येते, हे ध्यानी येते. नवी मुंबईतील 'कोलाज हाऊस' या घराच्या दर्शनी भागात पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या व दारे एकत्र जोडण्यात आली आहेत. एस. पी. एस. आर्किटेक्ट्स या संस्थेने त्याची रचना केली.

चीनमधील निंगबो शहरात २००८ मध्ये खुल्या झालेल्या इतिहास संग्रहालयाच्या भिंती पाडलेल्या खेड्यांतील विटा व कौले रचून बांधल्या आहेत. त्याचे वास्तुविशारद वांग शू यांना २०१२ चा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील बोर्दो शहराचे उदाहरण नावडत्या आधुनिक इमारतींच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथील ग्रां पार्क वसाहतीतील १९६० च्या दशकातील तीन उंच इमारती न पाडता त्यांना बाहेरून प्रशस्त सज्जे जोडण्यात आले. ५३० घरांना त्याचा लाभ झाला आणि काम चालू असताना रहिवाशांना घरे सोडावी लागली नाहीत. वाढीव पडवी हाच त्या उपायाचा गाभा होता. बोर्दोतील सज्जे नव्या सामग्रीचे आहेत. आपल्या खेड्यांत हेच काम मोडलेल्या वाड्यांच्या सामग्रीतून होऊ शकते.

याला पर्यावरणाचीही बाजू आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. उभी इमारत राखणे म्हणजे तिच्यात एकदा खर्ची पडलेले सिमेंट, लोखंड व इंधन वाचविणे होय. बांधकाम व पाडकाम यांच्या कचऱ्याबाबत केंद्र शासनाने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित होऊन त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. त्यांचा रोख मुख्यतः मोठ्या प्रकल्पांवर असला, तरी सामग्री वेगवेगळी ठेवून पुन्हा वापरण्याचे तत्त्व खेड्यांसही लागू पडते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने फोडलेल्या काँक्रीटच्या खडीस मर्यादित मान्यता दिली आहे. ठराविक दर्जाची अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत व एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. ग्रामीण कामांत ती जोत्याच्या भरावासाठी व फरशीखालील थरासाठी वापरणे अधिक सोयीचे.

खरी अडचण नोंदवहीतील

कारागिरीपेक्षा कठीण प्रश्न हिशेबाचा आहे. शाळेच्या जुन्या खोलीचे निर्लेखन मंजूर झाले की मोडतोडीच्या साहित्याचा बहुधा एकगठ्ठा लिलाव होतो. घेणाऱ्याला जागा लवकर मोकळी करावयाची असते. यंत्राच्या एका फटक्यात कौले, चौकटी व फरश्या यांचा चुरा होतो. सागवानाला सरपणाचा भाव येतो आणि घडीव दगड भरावात जातो. त्यानंतर त्याच आवारात नवी पडवी मंजूर झाली, तर तिच्यासाठी नवे लाकूड व नवे लोखंड विकत घ्यावे लागते.

हे टाळण्यासाठी लिलावापूर्वी उपयुक्त सामग्रीची मोजदाद करणे हा पहिला उपाय होय. खांब किती, त्यांची लांबी व जाडी काय, कौले किती, फरशी किती चौरस मीटर, अशी यादी अभियंता, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्या समक्ष पंचनाम्याने व छायाचित्रांसह करावी. सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन त्यातील गावाच्या कामाची सामग्री लिलावातून वगळावी आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद घ्यावी. मोडण्याच्या कामाच्या अंदाजपत्रकात साहित्य सुटे करून रचून ठेवण्याची अट स्पष्ट लिहावी. हाताने मोडण्यास वेळ अधिक लागतो हे खरे. परंतु ती मजुरी गावातील गवंडी, सुतार व पाथरवट यांच्या घरी जाते.

खाजगी वाड्यांतील सामग्री घेताना मालकी स्पष्ट असावी. वाटणीच्या वादातील वाड्याची वस्तू सार्वजनिक कामास घेऊ नये. विकत घेतल्यास दरपत्रके मागवावीत व पावती घ्यावी. देणगी असल्यास ग्रामसभेत तसा ठराव करावा. जुने साहित्य वापरले की कामात पैसे खाल्ले गेले, अशी शंका गावात हमखास घेतली जाते. तिचे निरसन उघड हिशेबानेच होऊ शकते. कामाच्या जागी फलक लावून कोणती सामग्री कोठून आली, तिची किंमत किती धरली आणि नव्या सामग्रीच्या तुलनेत किती बचत झाली, हे लिहिल्यास संशयाला जागा राहणार नाही.

कोणत्या वस्तूंना हात लावू नये

जुन्या सर्वच वस्तू वापरण्याजोग्या नसतात. ॲस्बेस्टॉसच्या सिमेंटी पत्र्यांचे तंतू श्वासातून शरीरात गेल्यास फुफ्फुसांचे आजार व कर्करोग संभवतात. असे पत्रे फोडू अथवा कापू नयेत. ते भिजवून अखंड उतरवावेत आणि त्यांची विल्हेवाट तज्ज्ञांच्या सल्ल्याने लावावी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भाग इतके मर्यादित झाले असले, तरी वाड्याच्या दारावरील थर त्यापूर्वीचे असतात. शाळेत बसवावयाच्या दारांचा रंग कोरडा खरवडू नये आणि मुलांच्या उपस्थितीत तर मुळीच नाही.

तिसरी मर्यादा इतिहासाची आहे. जुन्नरचा परिसर लेणी, किल्ले, बारव व वीरगळ यांनी समृद्ध आहे. पडक्या तटाचे दगड, कोरीव शिळा व शिलालेख यांना सामग्री समजणे हा अपराध ठरेल. संरक्षित स्मारकांना केंद्राच्या १९५८ च्या व राज्याच्या १९६० च्या अधिनियमांचे संरक्षण आहे. वाडा मोडताना एखादा लेख किंवा मूर्ती आढळल्यास काम थांबवून तहसील कार्यालयास व पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्या बोरी बुद्रुकच्या काठावरील राखेने व दगडी हत्यारांनी मानवाच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात भर घातली, त्या परिसरात ही जाणीव विशेष असावयास हवी.

ग्रामसभेसमोरील काम

बोरी बुद्रुकसारख्या गावात वाडे मोडत राहणार आणि स्लॅबच्या इमारतीही जुन्या होत राहणार, हे उघड आहे. कालव्याचे पाणी, नगदी पिके आणि शहराकडील ओढ यांमुळे घरांचे स्वरूप बदलत आहे आणि तो बदल थोपविणे शक्य नाही. मात्र एका वास्तूचा शेवट दुसरीच्या उपयोगी पडावा, एवढी व्यवस्था गावाच्या हाती आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना गावातील सार्वजनिक इमारतींची आणि मोडावयाच्या घरांची अशा दोन याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. सामग्री साठविण्यासाठी पावसापासून सुरक्षित अशी एक जागा नेमावी. प्रथम एकाच शाळेची किंवा उपकेंद्राची पडवी हाती घ्यावी आणि एक उन्हाळा व एक पावसाळा तिचा अनुभव पाहावा.

शिक्षकांना यात अध्यापनाचे साधनही सापडेल. कौलांची मोजणी, छपराचा उतार, लाकडाचे घनफळ, खोलीतील व पडवीतील तापमानाची रोजची नोंद हे सारे गणित व विज्ञान विषयांचे जिवंत पाठ होत. आजोबांच्या वाड्याचा खांब आपल्या शाळेच्या पडवीला आधार देतो, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला ती इमारत नावडती राहण्याचे कारण नाही.